पाहुणा ग्रंथ वाचत नाही, रस्ता वाचतो



आजचं चिंतन: गीता, अध्याय ५, श्लोक १८.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हा श्लोक पाठ असेल. अर्थ साधा आहे. विद्या आणि नम्रता असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने अगदी तळाला ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस एकाच नजरेने बघतो. मला यातलं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. इथे मानणं नाही, बोलणं नाही, बघणं आहे. समदर्शन हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं 'दर्शन' म्हणजे डोळ्यांनी बघणं, हे विसरायला होतं.

म्हणून आज बघण्याबद्दलच बोलू. आणि त्यासाठी एक पाहुणा बोलावतो. हा सातशे वर्षांपूर्वी आपल्या ठाण्यात आला होता.

त्याचं नाव जॉर्डानस. दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेराकचा, डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती साधू. १३२१ च्या सुमारास तो ठाण्याच्या बंदरात उतरला. बरोबर चार फ्रान्सिस्कन साधू होते: टॉलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. खरं तर त्यांना केरळात कोल्लमला जायचं होतं. जहाजाने आणून टाकलं ठाण्यात. 'पुढील स्टेशन ठाणे' ही घोषणा न ऐकता उतरलेली पहिली मंडळी म्हणा हवं तर.

तेव्हाचं ठाणं डोळ्यांसमोर आणा. यादवांचं राज्य नुकतंच संपलेलं, ठाण्यात दिल्ली सल्तनतीचा अधिकारी बसलेला. खाडी भरपूर खोल, बंदरात परदेशी जहाजं. ज्ञानेश्वरी लिहून फक्त ३१ वर्षं झालेली. नामदेव महाराज हयात. चोखोबा हयात. म्हणजे आपण ज्यांचे अभंग रोज ऐकतो ती माणसं इथून काही दिवसांच्या वाटेवर जिवंत चालत-बोलत होती, आणि हा फ्रान्सचा साधू ठाण्याच्या धक्क्यावर उभा राहून आपल्याकडे पहिल्यांदा बघत होता.

तसा तो इथे आलेला पहिला ख्रिस्ती नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' या गावी ख्रिस्ती वस्ती आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. बरेच अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं कल्याणच मानतात. ठाण्यातही जॉर्डानसच्या सोबत्यांना नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनीच आसरा दिला होता. आपण डोंबिवलीकर 'बाहेरचे कधी आले' यावर लोकलमध्ये जोरजोरात भांडतो, त्या भांडणाचं वय एवढं आहे.

पुढे वाईट झालं. जॉर्डानस भडोचकडे निघाला होता आणि सोपाऱ्यापर्यंत पोचला होता, तेव्हा मागे ठाण्यात, एप्रिल १३२१ मध्ये, धर्मावरच्या वादातून त्याचे चारही सोबती मारले गेले. तो परत फिरला, त्यांची प्रेतं मिळवली आणि सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, पुरली. नंतर ओदोरिक नावाचा दुसरा साधू ठाण्याला आला आणि त्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनला गेला. जॉर्डानस मात्र इथेच राहिला. एकटा. त्याची दोन पत्रं आज उपलब्ध आहेत. दुसऱ्या पत्रात दुखण्यांबद्दल, खाल्लेल्या माराबद्दल आणि अडीच वर्षांच्या एकटेपणाबद्दल लिहिलंय. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

त्याने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तकही लिहिलं, 'मिराबिलिया डिस्क्रिप्टा'. म्हणजे पाहिलेल्या-ऐकलेल्या नवलांचं वर्णन. हेन्री यूलने १८६३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. पुस्तक लहान आहे, फोनवर डोंबिवली ते सीएसएमटी दोन-चार फेऱ्यांत वाचून होतं.

आता त्याला काय दिसलं ते सांगतो.

सगळ्यात आधी उकाडा. परक्या माणसाला सोसवणार नाही असा. (मे महिन्यात दिवा स्टेशनवर उभं राहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.) मग फणस: एक फळ पाच जणांना पुरतं म्हणतो. आंब्याची गोडी शब्दांत सांगता येत नाही म्हणतो. नारळ, ताडी, हत्ती यांची वर्णनं आहेत. बैलाला लोक किती पूज्य मानतात ते आहे. आपले मृत छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवणारे अग्निपूजक आहेत, म्हणजे पारशी. मेलेल्या नवऱ्याबरोबर चितेवर गेलेल्या बायका आहेत. एका मृत पुरुषाबरोबर पाच जिवंत बायका जळताना आपण पाहिल्याचं तो लिहितो.

आणि या सगळ्यात तो एक प्रशस्तिपत्रही देतो. इथली माणसं खाण्यापिण्यात स्वच्छ आहेत, खरं बोलतात, न्यायाने वागतात, आणि ज्याचा जो दर्जा आहे त्याप्रमाणे त्याचे जुने हक्क सांभाळतात.

ज्याने या भूमीत आपले चार सोबती पुरले, मार खाल्ला, त्याने हे लिहिलंय. मला वाटतं, इथे थोडं थांबावं. दुःखात असलेल्या माणसाची नजर फार लवकर कडू होते. एका शहरात आपल्यावर एक वाईट प्रसंग आला की आपण सगळं शहरच मोडीत काढतो: तिथली माणसंच तशी. याने तसं केलं नाही. ज्यांनी मारलं ते वेगळे आणि जे रोज बाजारात भेटतात ते वेगळे, हा फरक त्याने ठेवला. ही शिस्त मला साधनेतली वाटते, मग साधक कुठल्याही धर्माचा असो.

दुसरी शिस्त याहून बारीक. पाहिलेलं आणि ऐकलेलं तो वेगळं ठेवतो. जिथे तो गेला नाही त्या प्रदेशाबद्दल लिहिताना आधीच सांगतो की मी तिथे गेलेलो नाही, भरवशाच्या माणसांकडून ऐकलंय. आणि गंमत म्हणजे विचित्र प्राणी, ड्रॅगन वगैरे मंडळी बहुतेक याच ऐकीव भागात राहतात! आपल्या परंपरेत न्यायशास्त्र प्रमाणं वेगवेगळी मोजतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. कुठलं ज्ञान कुठल्या वाटेने आलं, याचा हिशेब. फॅमिली ग्रुपवर सकाळी सात वाजता येणाऱ्या फॉरवर्डवर हा एवढाच शिक्का मारायचा ठरवला, 'पाहिलंय' की 'ऐकलंय', तर ग्रुप दोन दिवसांत शांत होईल.

आता आजच्या श्लोकाकडे येऊ. कारण जॉर्डानसच्या पुस्तकात एक ओळीची नोंद आहे, आणि मी हे सगळं लिहितोय ते तिच्यासाठी.

तो म्हणतो, इथे 'दुंब्री' नावाचे लोक आहेत. ते मेलेली जनावरं खातात, त्यांना कुठलाही देव नाही, आणि बाकीच्यांची कष्टाची कामं आणि ओझी वाहणं त्यांच्याकडे असतं. अभ्यासक हा शब्द डोम किंवा डोंब या नावाशी जोडतात. नाव कुठलंही असो, शिडीवरची जागा तुमच्या-माझ्या लक्षात आली. आजच्या श्लोकातल्या यादीत जो माणूस शेवटी उभा आहे, तोच हा.

श्लोक आपल्याकडे होता. त्यावरची मराठी टीका ३१ वर्षांपूर्वी नेवाशात लिहून झाली होती. देवळांत कीर्तनं होत होती. पण जॉर्डानसला संस्कृत येत नव्हतं, त्याने गीता वाचली नव्हती. त्याने वाचला तो रस्ता. आणि रस्त्यावर त्याला दिसलं की काही माणसं सगळ्यांची ओझी वाहतात आणि मेलेलं खातात.

पाहुण्याचं हे असंच असतं. तो आपला ग्रंथ वाचत नाही, आपला रस्ता वाचतो. ग्रंथ आपण आपल्याबद्दल काय म्हणतो ते सांगतो, रस्ता आपण काय करतो ते.

हे मी एका मित्राला सांगितलं तेव्हा तो ताडकन म्हणाला, "अरे, तो धर्म बदलायला आला होता. त्याचं काय ऐकायचं?" तुमच्यापैकी काहींच्या मनातही हेच आलं असेल, आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जॉर्डानसच्या पत्रात किती जणांना बाप्तिस्मा दिला याचे आकडे आहेत. समोरच्यात काहीतरी कमी आहे आणि ते मी भरून काढणार, हे आधीच ठरवून आलेल्या माणसाची नजर सम नसते. ती वरून खाली बघते. हे मान्य.

पण हेतू सरळ नाही म्हणून साक्षच खोटी ठरते का? कोर्टात ज्या साक्षीदाराचा स्वार्थ गुंतलेला असतो त्याला बाहेर काढत नाहीत, त्याची साक्ष जास्त काळजीने तपासतात. मग तपासून बघू. पहिली गोष्ट, हा साक्षीदार आपली स्तुतीही करतो, आणि त्यात त्याचा काही फायदा नव्हता. दुसरी गोष्ट, ओझी वाहणाऱ्या माणसांबद्दल तो आपल्यावर आरोप करतच नाही! रागावत नाही, उपदेश करत नाही. फणसाची नोंद करावी तशी एक कोरडी नोंद करून पुढे जातो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तो जे सांगतो ते खरं आहे की नाही, हे ठरवायला आपल्याला त्याची गरजच नाही. आपल्याकडे आपलाच साक्षीदार आहे. चोखोबा.

त्याच काळात, मंगळवेढ्यात, चोखोबा मेलेली ढोरं ओढत होते, गावाची कामं करत होते आणि विठ्ठलाच्या देवळाच्या बाहेर उभे राहत होते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या वेशीचं बांधकाम कोसळलं आणि त्याखाली ते आणि इतर मजूर गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव महाराज तिथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जॉर्डानसने सोपाऱ्यात आपल्या सोबत्यांसाठी केलं तेच नामदेवांनी चोखोबांसाठी केलं. सोबत्याचं शेवटचं देणं फेडायची पद्धत माणसाची सगळीकडे एकच असते.

म्हणजे जॉर्डानसच्या नोंदीतला ओझ्यांचा भाग खरा आहे. परक्याने सांगितला म्हणून तो खोटा होत नाही.

पण त्याच नोंदीतला दुसरा भाग आठवा. 'त्यांना कुठलाही देव नाही.'

इथे तो सपशेल चुकलाय. आणि का चुकलाय ते बघण्यासारखं आहे. पाठीवरचं ओझं डोळ्यांना दिसतं. ताटात काय आहे ते दिसतं. पण मनात कोण आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्या माणसाची भाषा लागते, त्याच्या ओट्यावर बसावं लागतं. त्याला वाटलं, ज्यांना कुठल्या देवळात आत पाहिलं नाही त्यांना देवच नाही. त्या लोकांना देव नव्हता असं नाही, देवळात जाऊ देत नव्हते! चोखोबांसारखी भक्ती ज्या वस्तीत होती तशाच वस्तीकडे बघून एक साधूच म्हणतो की इथे भक्ती नाही. फक्त बघून काय कळतं आणि काय कळत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अजून एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. एका बाजूला तो म्हणतो, इथे ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे हक्क सांभाळले जातात, आणि हे तो कौतुकाने म्हणतो. दुसऱ्या बाजूला ओझी वाहणारे लोक. यात काही विसंगती आहे हे त्याला जाणवतच नाही. का? कारण तोही सरदार आणि भूदास असलेल्या समाजातूनच आला होता. माणसांचे दर्जे असणं त्याला पावसासारखं नैसर्गिक वाटत होतं. पाहुण्याला आपल्या घरापेक्षा जे वेगळं आहे ते पटकन दिसतं. जे आपल्या घरासारखंच आहे ते दिसत नाही, मग ते कितीही वाईट असो.

तर पहिल्या नजरेची तीन लक्षणं झाली. घरच्यांना दिसेनासं झालेलं तिला दिसतं. स्वतःच्या घरासारखं असलेलं तिला दिसत नाही. आणि दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलायला लागली की ती हमखास घसरते.

आमच्या क्षेत्रात याचा रोज अनुभव येतो. टीममध्ये नवा मुलगा किंवा मुलगी आली की चांगले लीड पहिल्या आठवड्यात एक काम देतात: जे जे विचित्र वाटेल ते लिहून ठेव. हे काम पहिल्याच आठवड्यात द्यावं लागतं, कारण तीन महिन्यांनी त्याला काहीच विचित्र वाटत नाही. "ही फाइल रोज हाताने का कॉपी करता?" असं तो विचारतो आणि आपण म्हणतो, "पहिल्यापासून असंच आहे." त्या क्षणी शहाणा लीड उत्तर देत नाही, लिहून घेतो. पण तोच लीड नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोड डिलीट करायची परवानगीही देत नाही. कारण एखादी ओळ वेडगळ दिसते, तिच्यामागे पाच वर्षांपूर्वीची एक रात्र असते, आणि ती त्याला माहीत नसते. प्रश्न विचारायला नवा माणूस उत्तम. निकाल द्यायला थांबलेला माणूस लागतो.

थांबलेला माणूस म्हटलं की फादर स्टीफन्स आठवतात. हे इंग्लंडचे जेझुइट, १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात पोचले. पुढच्याच महिन्यात वडिलांना पत्र लिहिलं. त्यात इथल्या माणसांबद्दल काय आहे? कातडीचा रंग, नाक-ओठांची ठेवण, अंगावर कपडे किती. संपलं. पहिली नजर. मग ते इथेच राहिले, सुमारे चाळीस वर्षं. भाषा शिकले. १६१६ मध्ये त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं: जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत, ज्ञानोबांच्याच ओवीच्या छंदात, आणि त्यात मराठीचं असं कौतुक की आपण आजही मराठी भाषा दिनाला ते अभिमानाने वाचतो. हेतू बदलला होता का? नाही. त्यांना शेवटपर्यंत लोकांना ख्रिस्ती करायचंच होतं, आणि ज्या साष्टीत ते राहिले तिथली देवळं पोर्तुगीज राजवटीत पाडली गेली होती, हा इतिहास ओव्यांमुळे पुसला जात नाही. पण नाक-ओठांपासून ओवीपर्यंतचं अंतर त्या माणसाने भाषा शिकून कापलं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकत्र धरता आलं पाहिजे. न धरता आलं तर आपलीही नजर सम नाही.

आता नजर उलटी फिरवून बघू. आपली माणसं ऑनसाइट जातात. महिन्याभरात व्हिडिओ कॉलवर निकाल येतो: "इथे सगळं स्वच्छ आहे, लोक रांगेत उभे राहतात, पण माणुसकी नाही. आईवडिलांना वृद्धाश्रमात टाकतात." रांग दिसते, ते खरं. वृद्धाश्रमही दिसतो, तेही खरं. पण दर रविवारी तिथे जाऊन आईचा हात धरून बसणारा मुलगा दिसायला तिथे एखादा रविवार घालवावा लागतो. 'त्यांना देव नाही' आणि 'त्यांना माणुसकी नाही', ही दोन वाक्यं सख्खी भावंडं आहेत.

कल्याणचीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा सगळा मामला ख्रिस्ती विरुद्ध आपण असा नाही हे कळेल. आनंदीबाई जोशींचा जन्म कल्याणचा, १८६५ चा. बायकोने शिकावं म्हणून गोपाळरावांनी १८८० च्या सुमारास वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. वाइल्डर यांनी कोल्हापुरात बरीच वर्षं काम केलेलं, म्हणजे आपली माणसं जवळून पाहिलेली. त्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि उत्तराचा सूर असा होता की ख्रिस्ती झालात तर मदत करू. ते मासिक न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघताना सहज चाळलं. त्याही ख्रिस्तीच. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, मैत्री जमली, आणि पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्याच घरी उतरल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

पत्र एकच, धर्म एकच. वाइल्डर यांना त्यात होऊ शकणारी ख्रिस्ती दिसली. कार्पेंटरबाईंना शिकू पाहणारी मुलगी दिसली. श्लोकातला ज्ञानी यातला कोण, हे सांगायला भाष्यकार लागत नाही.

आता आपल्या रस्त्याबद्दल. 'समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे' हे वाक्य तुम्ही प्रवचनात ऐकलं असेल. आत्मा सगळ्यांचा एक, पण व्यवहार ज्याचा त्याचा वेगळा. यातला एक भाग रास्त आहे: हत्तीला आणि गाईला एकच चारा घालता येत नाही. पण याच वाक्याच्या आडोशाला शेकडो वर्षं चोखोबांना महाद्वाराबाहेर उभं केलं गेलं. डोळे मिटून समान बघायचं आणि डोळे उघडल्यावर होतं तसंच ठेवायचं. श्लोकात मिटलेल्या डोळ्यांची गोष्ट नाहीये. त्यात गाय आहे, हत्ती आहे, कुत्रा आहे. या रस्त्यावर दिसणाऱ्या गोष्टी आहेत.

आणि आज एखादा जॉर्डानस ठाण्यात उतरला तर? घोडबंदर रोडचे टॉवर बघेल, फणसाऐवजी मॉलचं वर्णन करेल. आपण स्वच्छ आहोत, कष्टाळू आहोत, एकमेकांना चौथी सीट देतो, हेही लिहील. आणि मग एक कोरडी ओळ लिहील का, की या लोकांच्या कित्येक उंच घरांत दोन लिफ्ट असतात, आणि घरकाम करणाऱ्या बायका व सामान आणणारी मुलं दुसऱ्या लिफ्टने जातात? जड फर्निचरसाठी वेगळी लिफ्ट असणं समजू शकतं. पण रिकाम्या हाताने आलेल्या मावशींना पाटी दाखवून तिकडे वळवलं जातं तेव्हा ती लिफ्ट सामानाची राहत नाही, माणसाची प्रत ठरवणारी होते. आणि त्याच लॉबीत, मुख्य लिफ्टच्या शेजारी, गुरुपौर्णिमेच्या गीतापठणाचं पत्रक लावलेलं असतं. पाहुण्याला पत्रक वाचता येणार नाही. पाटी कळेल.

तो धर्म बदलायला आलाय की पर्यटक आहे की नुसता पत्ता चुकलाय, याने त्या पाटीत काय फरक पडतो?

मला या श्लोकाचा आजपुरता लागलेला अर्थ असा. समदर्शन ही आत बसून मिळवायची स्थिती असेलही, पण तिची परीक्षा बाहेर होते, आणि परीक्षक आपण निवडत नाही. कधी तो आपल्याला न आवडणारा असतो, अर्धवट माहितीचा असतो, आपल्या मनाबद्दल चुकीचं बोलणारा असतो. त्याचं चुकलेलं दुरुस्त करायचा हक्क आपल्याला आहेच. 'त्यांना देव नाही' असं कोणी म्हटलं तर चोखोबांचं नाव ठणकावून सांगायचं. पण ते नाव घेताना लक्षात ठेवायचं की त्या नावानेच नोंदीचा पहिला अर्धा भाग खरा ठरतो.

आजच्यासाठी दोन छोट्या गोष्टी.

एक: तुमच्या आसपासच्या सगळ्यात नव्या माणसाला विचारा, "इथे आल्यावर तुला पहिल्यांदा काय खटकलं?" सोसायटीत महिन्याभरापूर्वी आलेला वॉचमन असेल, घरात नवी आलेली वहिनी असेल, टीममधला फ्रेशर असेल. उत्तर ऐका आणि 'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य दिवसभरासाठी गिळून टाका.

दोन: आज कोणाबद्दल मत बनलं तर त्याचे दोन कप्पे करा. डोळ्यांनी पाहिलं ते एकात, त्याच्या मनाबद्दल अंदाज केला तो दुसऱ्यात. दुसरा कप्पा त्या माणसाशी चार वाक्यं बोलल्याशिवाय उघडायचा नाही.

कमेंटमध्ये जरूर लिहा, विशेषतः पहिल्या प्रश्नाची उत्तरं. लिफ्टबद्दल कोणाच्या सोसायटीत काही बदललं असेल तर तेही सांगा, बाकीच्यांना मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.

उद्या: अध्याय ५, श्लोक १९.

राम कृष्ण हरी.